काय झालंय तेच कळत नाही आणि कॅज्युअल्टी गाठायची आहे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अपघात, भाजणं, हाड मोडणं यात काय झालंय ते दिसत असतं. हे पान त्याबद्दल नाही. ताप उतरत नाही, पोटात मुरडा येतोय, माणूस बरळतोय, पाय लुळे पडलेत आणि कारण कुणालाच माहीत नाही, अशा वेळी पडणारे हे प्रश्न आहेत.

कॅज्युअल्टीत नेलं की आजार कळतोच ना?

नाही. निम्मी भांडणं याच अपेक्षेतून होतात. कॅज्युअल्टीचं काम आजाराला नाव देणं हे नाही. पुढच्या काही तासांत जीव घेईल असं काही आहे का ते शोधणं, असेल तर थोपवणं आणि नसेल तर पुढे कुणाकडे जायचं ते सांगणं, एवढंच तिचं काम. छातीत दुखतंय म्हणून आलेल्या माणसाला 'हार्ट अटॅक नाही, फुप्फुसात गुठळी नाही, घरी जा' असं सांगितलं तर काम झालं. मग दुखत कशाने होतं? ते दोन दिवसांनी ओपीडीत कळेल, किंवा कळणारही नाही आणि दुखणं आपोआप थांबेल.

रात्र काढावी की आत्ताच निघावं?

पुढचं काहीही असेल तर निघा. धाप लागून एक वाक्यही सलग बोलता येत नाही. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर आकडा ९४ च्या खाली राहतोय (जुना दमेकरी असेल तर त्याच्या नेहमीच्या आकड्याशी ताडून पाहा). छातीत आवळल्यासारखं होतंय आणि घाम फुटलाय. तोंड वाकडं झालंय, एक हात पडलाय, बोलणं अडखळतंय. पहिल्यांदाच फिट आली. माणूस बरळतोय किंवा हाक मारली तरी जागा होत नाही. उलटीत रक्त आहे, शौच डांबरासारखं काळं होतंय. बारा तासांत लघवीच झाली नाही. तापासोबत मान ताठ झाली आहे. आयुष्यातली सर्वांत भयंकर डोकेदुखी एकदम, टाळी वाजावी तशी सुरू झाली.

ताप १०३ आहे, पण माणूस पाणी पितोय, बोलतोय, लघवीला जातोय, तर सकाळी फॅमिली डॉक्टरांकडे गेलं तरी चालतं. ताप ९९ आहे, पण हातपाय गार पडलेत आणि नाडी पळतेय, तर सकाळची वाट पाहू नका. तापमापीपेक्षा माणसाकडे बघा.

न्यायचं कुठे? जवळचं की मोठं?

श्वास, शुद्ध किंवा नाडी यांपैकी काही बिघडलं असेल तर जवळचं, मग ते ग्रामीण रुग्णालय का असेना. तिथे सलाईन, ऑक्सिजन आणि पहिलं इंजेक्शन मिळतं. पुढे हलवता येतं. माणूस स्थिर असेल तर निघण्यापूर्वी एक फोन करा आणि तीन गोष्टी विचारा: सीटी स्कॅन रात्री चालू असतो का, एमडी फिजिशियन रात्री येतात का, आयसीयूत बेड रिकामा आहे का. 'हो, या तुम्ही' हे उत्तर पुरेसं नाही. तिन्हींचं वेगवेगळं उत्तर घ्या, नाहीतर मध्यरात्री दुसरी अँब्युलन्स शोधावी लागते.

मोठ्या सरकारी रुग्णालयांत, म्हणजे मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे, पुण्यात ससून, नागपुरात मेडिकल आणि मेयो, संभाजीनगरला घाटी, कोल्हापुरात सीपीआर, गोव्यात बांबोळीचं जीएमसी इथे, गर्दी असते, ट्रॉलीवर जागा मिळेलच असं नाही. पण सगळ्या विषयांचे निवासी डॉक्टर रात्री हजर असतात. आजार ओळखू येत नसेल तेव्हा ही मोठी जमेची बाजू आहे.

१०८ बोलवावी की रिक्षा, बाईक?

महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ पासून आहे आणि ती मोफत आहे. ती सुरू झाली तेव्हा ताफ्यात ९३७ गाड्या होत्या. त्यातल्या २३३ प्रगत म्हणजे व्हेंटिलेटरसह, बाकीच्या साध्या. फोनवर 'श्वास लागलाय', 'बेशुद्ध आहे' हे पहिल्याच वाक्यात सांगा, म्हणजे कोणती गाडी पाठवायची ते ठरतं. पत्त्याला देऊळ, शाळा, पाण्याची टाकी अशी खूण जोडा आणि एकाला रस्त्यावर उभं करा.

गाडी यायला फार वेळ लागणार असेल तर खासगी वाहन काढा, पण बाईक नको. पुढे एक, मागे एक आणि मधे मान टाकलेला पेशंट, हे दृश्य प्रत्येक कॅज्युअल्टीच्या दारात दिसतं. बेशुद्ध माणसाची मान पुढे पडली की जीभ मागे जाते आणि श्वासाची वाट बंद होते. त्याला कुशीवर झोपवूनच न्यायचं.

निघण्यापूर्वी घरी काय करावं, काय करू नये?

शुद्ध नीट नसलेल्याच्या तोंडात काहीही घालू नका, साखरपाणीसुद्धा नाही. ते पोटात न जाता फुप्फुसात जातं. फिट आलेल्याला कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, दातांत चमचा घालू नका. कुशीवर वळवा आणि फिट किती मिनिटं चालली ते घड्याळात बघा. घरी ग्लुकोमीटर असेल तर साखर तपासून आकडा आणि वेळ लिहून घ्या. मधुमेह्याची साखर खूप उतरली की अर्धांगवायूसारखीच लक्षणं दिसतात.

छातीत दुखल्यावर व्हॉट्सॲपवर वाचून जिभेखाली सॉर्बिट्रेट देऊ नका. आधीच उतरलेला बीपी त्याने आणखी कोसळतो. ॲस्पिरिनही डॉक्टरांनी किंवा १०८ वरून सांगितलं तरच. तापात आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक असलेली गोळी टाळा. डेंग्यू निघाला तर रक्तस्रावाचा धोका वाढलेला असतो. पॅरासिटामॉल चालतं.

आणि पोट रिकामं ठेवा. शस्त्रक्रिया किंवा भूल लागली तर भरल्या पोटामुळे खोळंबा होतो. कॅज्युअल्टीच्या दारात 'दोन घोट चहा घे, बरं वाटेल' म्हणणारे नातेवाईक प्रेमानेच म्हणतात, पण तो चहा सोनोग्राफीलाही आड येतो आणि ऑपरेशनलाही.

सोबत काय घ्यावं?

चालू गोळ्यांची पाकिटं, नुसती नावं नाहीत. 'बीपीची पांढरी छोटी गोळी' यातून काहीही कळत नाही. यात काढे, भस्मं, जडीबुटीवाल्याची पुडी, सांधेदुखीवर कुणी दिलेली पावडरही आली. अशा पावडरीत बरेचदा स्टिरॉइड असतं आणि ते अचानक बंद झाल्यानेच माणूस गळून गेलेला असतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या (एकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन, ॲसिट्रॉम) चालू असतील तर ते पहिल्या मिनिटाला सांगा.

जुनी फाईल, शेवटचा ईसीजी (जुना ईसीजी जवळ असला तर नव्यातला बदल नवा की जुनाच ते लगेच कळतं), आधार, रेशनकार्ड, विम्याचं कार्ड, फोनचा चार्जर, चष्मा, कवळीची डबी. विदर्भात किंवा नंदुरबार पट्ट्यात सिकलसेलचं (रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) कार्ड असेल तर ते सगळ्यांत वर. सिकलसेलच्या 'क्रायसिस'मध्ये हाडं आणि पोट असह्य दुखतं. कार्ड दिसलं नाही तर तास-दोन तास अपेंडिक्स शोधण्यात जातात.

डॉक्टर विचारतात तेव्हा सगळे एकदम बोलतात. माहिती द्यायची कशी?

एकाने बोलायचं, आणि तो माणूस शेवटचे दोन दिवस पेशंटसोबत राहिलेला असावा. घरातला कर्ता किंवा शिकलेला असलाच पाहिजे असं नाही. सुरुवात आजाराच्या नावाने करू नका. 'यांना ॲसिडिटी झालीये' म्हटलं की ऐकणाऱ्याचंही डोकं तिकडे वळतं. जे दिसलं ते दिसल्या क्रमाने सांगा: 'सोमवारी संध्याकाळी हुडहुडी भरली. मंगळवारी दोन उलट्या. काल गावातल्या डॉक्टरांनी दोन इंजेक्शनं दिली. आज सकाळपासून डोळे पिवळे वाटतायत.'

त्या इंजेक्शनांची नावं फोन करून विचारून घ्या. डेक्सामेथासोन दिलेलं असेल तर ताप दबतो, साखर चढते आणि पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसतात. हे माहीत नसेल तर रिपोर्ट भलतीकडेच बोट दाखवतो.

अर्धांगवायूची शंका असेल तर 'कधी सुरू झालं' याच्या आधी 'शेवटचं धडधाकट कधी पाहिलं' याचं उत्तर तयार ठेवा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात आणि ते तास शेवटच्या धडधाकट क्षणापासून मोजतात. सकाळी सहाला उठवताना लक्षात आलं, पण रात्री दहाला झोपला तेव्हा ठीक होता, तर हिशोब दहापासून.

बाईला पोटदुखी किंवा चक्कर असेल तर शेवटची पाळी कधी आली ते विचारतात आणि लघवीची गर्भचाचणी करतात, मग ती अविवाहित असो वा नसबंदी झालेली. गर्भनलिकेत राहिलेला गर्भ फुटला तर पोटातल्या पोटात रक्तस्राव होतो. चारचौघांत हा प्रश्न अपमानाचा वाटतो. 'एकटीला विचारा' असं सांगायचा तिला हक्क आहे आणि नातेवाइकांनी तेवढा वेळ बाहेर थांबावं.

आम्ही आधी आलो, मग मागून आलेल्याला आत का घेतलं?

कॅज्युअल्टीत नंबर येण्याच्या वेळेवर लागत नाही. दारात नाडी, बीपी, श्वास, ऑक्सिजन, ताप आणि शुद्ध बघून लाल, पिवळा, हिरवा असे गट करतात. लाल लगेच, पिवळा थोड्या वेळात, हिरवा थांबेल. तुम्हाला थांबवलंय याचा अर्थ बहुतेक वेळा चांगलाच असतो. मात्र थांबलेला असताना पेशंटची अवस्था बदलली, घाम फुटला, बोलणं कमी झालं, तर रांगेचा मान राखत बसू नका. सिस्टरांना 'मघापेक्षा वाईट झालंय, पुन्हा बीपी बघा' असं सांगा.

ईसीजी नॉर्मल आला, तरी सोडत नाहीत. पैसे काढायला थांबवलंय का?

छातीत दुखत असेल तर पेशंट आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी निघायला हवा. पण पहिला नॉर्मल आला म्हणून अटॅक नाही असं होत नाही. हृदयाचा स्नायू दुखावल्यावर ट्रोपोनिन (त्या स्नायूतलं प्रथिन) रक्तात वाढायला काही तास लागतात. म्हणून ते पुन्हा तपासतात, यंत्र किती संवेदनशील आहे त्यानुसार एक ते तीन तासांनी किंवा त्याहून उशिरा. दोन आकड्यांमधली वाढ महत्त्वाची, एकटा आकडा अपुरा. मधुमेही, वयस्क माणसं आणि बायका यांच्यात अटॅक कित्येकदा छातीत न दुखता पोटाच्या वरच्या भागात जळजळ, मळमळ, दम अशा रूपात येतो. 'गॅस झालाय' म्हणून सोडा पिऊन झोपलेले पेशंट याच गटातले.

एकदा रक्त घेतलं, पुन्हा का?

बहुतेकदा कारण साधं असतं. प्रत्येक तपासणीची नळी वेगळी: जांभळ्या बुचाची सीबीसीला (रक्तपेशींच्या मोजणीला), निळी रक्त गोठण्याच्या चाचणीला, करडी साखरेला, लाल किंवा पिवळी किडनी-लिव्हरला. निळ्या नळीत आधीच मोजून औषध घातलेलं असतं. ती खुणेपर्यंत भरली नाही तर रक्त आणि औषधाचं प्रमाण बिघडतं आणि रिपोर्ट चुकतो, म्हणून लॅब ती परत पाठवते. बारीक शिरेतून जोर लावून ओढलेल्या रक्तातल्या पेशी फुटतात आणि पोटॅशियम खोटंच वाढलेलं दिसतं. ज्या हाताला सलाईन चालू आहे त्याच हातातून रक्त घेतलं तर हिमोग्लोबिन कमी येतं, आणि सलाईन साखरेचं असेल तर शुगर चारशे-पाचशे. असला आकडा आला आणि पेशंट मजेत बसलेला असेल, तर 'कोणत्या हातातून घेतलं होतं?' हा प्रश्न नातेवाइकानेही विचारायला हरकत नाही.

पाच दिवस ताप आहे, सगळे रिपोर्ट 'नॉर्मल'. असं कसं?

चाचणी चुकीच्या दिवशी झाली असेल. डेंग्यूची एनएस-१ (विषाणूचा अंश शोधणारी चाचणी) तापाच्या पहिल्या पाचेक दिवसांत सापडते, आयजीएम (शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं) त्यानंतर. सहाव्या दिवशी फक्त एनएस-१ केली आणि निगेटिव्ह आली, तर डेंग्यू नाही असं म्हणता येत नाही. मलेरियाची स्लाईड एकदा निगेटिव्ह आली तरी थंडी-तापाच्या वेळी पुन्हा काढतात. विडाल चाचणीवर टायफॉइड ठरवून आठवडाभर सलाईन लावणं आपल्याकडे फार चालतं. ती चाचणी पहिल्या आठवड्यात बरेचदा रिकामी येते आणि जुन्या संसर्गामुळे खोटी पॉझिटिव्हही येते. टायफॉइडसाठी खरा आधार ब्लड कल्चरचा (रक्तातले जंतू वाढवून पाहण्याचा), आणि तेही अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी घेतलेलं. मोठ्या माणसाच्या एका बाटलीत साधारण ८ ते १० मिली रक्त लागतं, तेही दोन वेगळ्या जागांवरून. पाहिलं की 'एवढं रक्त?' असं होतं. पण कमी घेतलं तर जंतू सापडायची शक्यता घटते. पहिला अंदाज दोन-तीन दिवसांत येतो, शेवटचा रिपोर्ट पाचव्या दिवशी.

डॉक्टरांना काही गोष्टी तुम्हीच सांगायच्या, कारण त्या रिपोर्टात नसतात. पुराच्या किंवा तुंबलेल्या पाण्यातून चालला होता का? मुंबईत २००५ च्या पुरानंतर लेप्टोस्पायरोसिसची साथ आली होती. त्यात पोटऱ्या विलक्षण दुखतात, डोळे लालभडक होतात. शेतात, गवतात, झुडपांत काम केलं का? मग स्क्रब टायफस. २०१८ मध्ये नागपूर भागात त्याचे बरेच रुग्ण सापडले होते. बारीक किडा चावतो तिथे सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली येते, दुखत-खाजत नाही, आणि ती असते काखेत, जांघेत, स्तनाखाली, कमरेच्या नाडीखाली. अंगावरचे सगळे कपडे काढून पाहिल्याशिवाय ती दिसणार नाही. दिसली तर डॉक्सिसायक्लिनसारख्या स्वस्त गोळीने ताप सहसा दोन दिवसांत उतरतो. महागड्या इंजेक्शनांनी आठवडाभर न उतरलेला ताप!

डेंग्यूमध्ये आणखी एक फसगत आहे: धोका ताप उतरताना असतो. तिसऱ्या ते सातव्या दिवशी ताप गेला, पण पोट जोरात दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त येतंय, माणूस सुस्त पडलाय, तर परत न्या. सगळं घर प्लेटलेटचा आकडा मोजत असतं. डॉक्टर हिमॅटोक्रिट (रक्त किती दाट झालंय त्याचा आकडा) आणि बीपी बघत असतात, कारण खरा धोका रक्तवाहिन्यांतून पाणी पाझरण्याचा आहे.

पहाटे पोटात दुखायला लागलं, उलटी झाली, आता डोळे उघडत नाहीत. हे काय असू शकतं?

पावसाळ्यात, जमिनीवर झोपणाऱ्या माणसाला असं झालं तर मण्यार चावली असं धरूनच निघा. मण्यार रात्री झोपेत चावते, दात बारीक, सूज नाही, वेदना जवळपास नाही, खूण कित्येकदा सापडतही नाही. माणूस पहाटे पोटदुखी किंवा घसादुखीने उठतो. मग पापण्या जड होतात, एकाचे दोन दिसतात, गिळता येत नाही, शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. 'साप पाहिला का?' याचं उत्तर नाही येतं आणि पेशंट पोटदुखीच्या रांगेत बसतो.

बसल्या जागी करायची एक तपासणी: दीर्घ श्वास घेऊन एका दमात एक, दोन, तीन असे आकडे मोजायला लावा. धडधाकट माणूस आरामात तीसच्या आसपास जातो. वीसच्या आत दम संपत असेल तर श्वासाचे स्नायू कमजोर पडतायत. हा आकडा ऑक्सिमीटरच्या आधी बिघडतो. पायांपासून वर चढणाऱ्या लुळेपणातही, म्हणजे २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात ज्याची साथ आली त्या जीबीएसमध्येही, हीच तपासणी वारंवार करतात.

सर्पविषावरची लस सरकारी रुग्णालयांत मोफत मिळते. मांत्रिक, ब्लेडने चिरणं, घट्ट करकोचून बांधणं यात वेळ आणि हात दोन्ही जातात. चावलेला अवयव हलू देऊ नका, माणसाला चालवू नका. लस जवळच्या ठिकाणी घ्या आणि लगेच व्हेंटिलेटर असलेल्या ठिकाणी हलवा. मण्यारीच्या विषात लस दिल्यावरही काही दिवस यंत्रावर श्वास द्यावा लागू शकतो, पण तेवढं पार पडलं की माणूस पुरता बरा होतो.

फवारणीच्या दिवसांत शेतातून आलेला माणूस घामाने निथळतोय, तोंडातून लाळ गळतेय आणि बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात, तर कीटकनाशक. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीतूनच शेतकरी आणि मजूर दगावले होते. औषध पिण्याची गरज नसते, कातडीतूनही ते भिनतं. कपडे काढा, अंग साबणपाण्याने धुवा (स्वतः हातात प्लास्टिकची पिशवी घालून), उलटी करायला लावू नका, आणि डब्यावरचं लेबल शाबूत ठेवून डबा सोबत आणा.

लहान मुलाच्या बाबतीत काय वेगळं?

वजन माहीत हवं, कारण प्रत्येक डोस वजनावर. आणि 'पॅरासिटामॉल दिलं' एवढं पुरत नाही, कोणतं ते सांगा. थेंबांच्या बाटलीत १ मिलीत १०० मिग्रॅ असतं, एका सिरपमध्ये ५ मिलीत १२५, दुसऱ्यात ५ मिलीत २५०. दहा किलोच्या बाळाला एका वेळी १५० मिग्रॅ, म्हणजे थेंब दीड मिली, पहिलं सिरप ६ मिली, दुसरं ३ मिली. पहिल्या सिरपच्या मापाने थेंब पाजले की चौपट डोस जातो, आणि आईने दिल्यावर आजीनेही दिलं तर आठपट. दोन डोसांत किमान चार ते सहा तास जाऊ द्या. शेवटची ओली लंगोट किती वाजता बदलली, तेही लक्षात ठेवा. तीन महिन्यांच्या आतलं बाळ आणि १००.४ ताप: ते कितीही हसरं असलं तरी थेट रुग्णालय.

आणि वयस्क माणूस अचानक भलतंच बोलायला लागला तर?

ते म्हातारपण नसतं. म्हातारपण एका रात्रीत येत नाही. लघवीचा संसर्ग, उतरलेलं सोडियम (विशेषतः उलट्या झाल्यावर किंवा लघवी वाढवणारी बीपीची गोळी चालू असताना), तुंबलेली लघवी, किंवा तीन आठवड्यांपूर्वी न्हाणीघरात घसरून डोक्यात हळूहळू साठलेलं रक्त. ते पडणं घरचे विसरलेले असतात. आठवून सांगा.

दुखणं थांबवणारं इंजेक्शन दिलं तर आजार झाकला जाईल का?

नाही. हा जुना समज आहे. वेदना कमी झाल्यावर पोट सैल पडतं आणि तपासणी उलट नीट होते.

केसपेपरवर 'आर/ओ एमआय' लिहिलंय. म्हणजे अटॅक आला?

नाही. 'एमआय' म्हणजे हार्ट अटॅक, आणि 'आर/ओ' म्हणजे ही शक्यता तपासून बाद करायची आहे. नावाआधी प्रश्नचिन्ह असेल तर तो अंदाज. 'के/सी/ओ' म्हणजे आधीपासून माहीत असलेला आजार, 'एनएडी' म्हणजे तपासताना काही वावगं आढळलं नाही, 'सीएसटी' म्हणजे चालू उपचार तसेच ठेवा, 'एसओएस' म्हणजे गरज पडली तरच. 'पीयूओ' म्हणजे कारण न सापडलेला ताप. तो आजाराचा प्रकार नाही, तात्पुरती पाटी आहे. या कागदाचा फोटो पुढच्या डॉक्टरांना पाठवा, भाऊबंदांच्या ग्रुपवर नको.

पोलिसांना का कळवलं? आम्ही काय गुन्हा केला?

विषबाधा, सर्पदंश, कारण न कळता बेशुद्ध आणलेला माणूस, मारहाण, भाजणं यांची नोंद एमएलसी (मेडिको-लीगल केस) म्हणून करावी लागते. हा एफआयआर नाही. पोलीस जबाब घेतात आणि बहुतेक प्रकरणं तिथेच संपतात. एमएलसी होईपर्यंत उपचार थांबवता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या परमानंद कटारा प्रकरणातच ते स्पष्ट केलं आहे. 'एमएलसी नको, साधं लिहा' असा आग्रह धरू नका. पुढे विम्याला किंवा शेतकऱ्याच्या अपघाती मदतीला हाच कागद लागतो.

डिपॉझिट भरल्याशिवाय हात लावत नाहीत. काय करायचं?

जीव धोक्यात असलेल्याला प्राथमिक उपचार देऊन स्थिर करणं प्रत्येक रुग्णालयाला बंधनकारक आहे. धर्मादाय रुग्णालय असेल तर तातडीच्या रुग्णाकडून अनामत मागता येत नाही. शिवाय तिथे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. काउंटरवर वाद घालत बसण्यापेक्षा रुग्णालयातले वैद्यकीय समाजसेवक गाठा. पाटीवर 'धर्मादाय' शब्द दिसतोय का, ते आत शिरतानाच बघा.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचा (योजनेच्या मदतनीसाचा) टेबल असतो, हेल्पलाईन १५५३८८. अडचण अशी की योजना ठरलेल्या आजार-उपचारांच्या पॅकेजवर चालते. आजाराचं नावच नसेल तर पॅकेज लागत नाही. तरी आरोग्यमित्राकडे पहिल्याच दिवशी जाऊन कागदपत्रं दाखवून ठेवा. निदान तिसऱ्या दिवशी झालं की मग धावाधाव होत नाही.

कॅशलेस नाकारलं, 'फक्त तपासणीसाठी भरती' म्हणतात. खरं आहे का?

जवळजवळ प्रत्येक पॉलिसीत हे कलम असतं: केवळ निदान आणि तपासण्यांसाठी झालेली भरती वगळली जाते. त्यामुळे 'ताप, तपासणीसाठी दाखल' एवढंच लिहून गेलेला अर्ज परत येतो. पेशंटला खरोखर भरतीची गरज असेल तर ती कागदावर दिसली पाहिजे. कोणती लक्षणं, बीपी-नाडी-ऑक्सिजनचे आकडे, शिरेतून कोणती औषधं चालू आहेत, घरी का ठेवता येत नाही, हे सगळं संभाव्य निदानासह लिहायला डॉक्टरांना सांगा. खोटं लिहून मागू नका, खरं आहे ते पूर्ण लिहून मागा. तातडीच्या भरतीची सूचना बहुतेक कंपन्यांना २४ तासांत द्यावी लागते. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या अर्जावर तासाभरात आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत उत्तर यायला हवं. अर्ज किती वाजता गेला, ते म्हणूनच टिपून ठेवा.

आम्हाला दुसरीकडे न्यायचंय. सोडत नाहीत.

सल्ल्याविरुद्ध सुट्टी घ्यायचा हक्क तुम्हाला आहे. सही करावी लागेल. सहीआधी कागदावर काय लिहिलंय ते वाचा आणि धोका कोणता ते डॉक्टरांच्या तोंडून ऐका. बिलासाठी पेशंटला अडवून ठेवता येत नाही. पण हलवणं स्वतःच धोक्याचं असतं, म्हणून पलीकडे बेड आहे हे नावानिशी, कोणत्या डॉक्टरांशी बोलणं झालं यासकट पक्कं झाल्याशिवाय निघू नका. ट्रान्सफर नोटमध्ये दिलेल्या प्रत्येक औषधाची शेवटची वेळ असावी.

'काही सापडलं नाही, घरी जा' म्हणाले. दारातून निघण्यापूर्वी काय विचारायचं?

सगळ्यात आधी: 'तुम्ही कशाकशाची शक्यता बाद केलीत?' याचं उत्तर लिहून घ्या, पुढच्या डॉक्टरांचे दोन दिवस वाचतात. मग, कोणते रिपोर्ट यायचे राहिलेत आणि ते कोण बघणार. कल्चर चौथ्या दिवशी पॉझिटिव्ह येतं आणि लॅबच्या पेटीत पडून राहतं, असं घडतं. लॅबचा फोन नंबर आणि नमुन्याचा क्रमांक घ्या. 'त्रास वाढला तर या' हे वाक्य मान्य करू नका. त्रास म्हणजे नेमकं काय? किती ताप, किती उलट्या, किती तास लघवी नाही? आणि काहीही झालं नाही तरी पुन्हा कधी, कुणाला दाखवायचं? पोटदुखीत बारा ते चोवीस तासांनी पोट पुन्हा तपासणं हीच कधीकधी सर्वांत चांगली चाचणी असते, कारण अपेंडिक्सचं दुखणं पहिल्या काही तासांत नुसतं बेंबीभोवती असतं आणि नंतर उजवीकडे खाली उतरतं.

घरी वहीचं एक पान करा: तारीख, वेळ, ताप, नाडी, काय खाल्लं, कोणती गोळी किती वाजता. तापाची गोळी देण्याआधी ताप मोजा, नंतर नाही.

तीन ठिकाणी दाखवलं, तीन नावं मिळाली. आता कुठे?

चौथ्या कॅज्युअल्टीत नको. तिथे सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. एक एमडी मेडिसिन डॉक्टर धरा आणि सगळे कागद त्यांच्याकडेच जाऊ द्या. लागलं तर तेच पुढे मेंदू, किडनी किंवा संधिवाताच्या डॉक्टरांकडे पाठवतील. वैद्यकीय महाविद्यालयाच्या मेडिसिन ओपीडीत सकाळी लवकर केसपेपर काढून गेलात तर युनिटचे वरिष्ठ डॉक्टर भेटतात. संध्याकाळी गेलात तर पुन्हा कॅज्युअल्टीच.

जुन्या रुग्णालयातून नोंदी मागायला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जानंतर ७२ तासांत त्या मिळाल्या पाहिजेत. सीटी, एमआरआयचे नुसते कागदी रिपोर्ट किंवा फिल्म घेऊ नका, सीडी किंवा लिंक मागा, म्हणजे दुसऱ्या तज्ज्ञाला मूळ चित्रं बघता येतात. तुकडा काढून तपासला असेल तर मेणाचा ठोकळा आणि काचपट्ट्याही मागा. त्या पुन्हा वाचता येतात, पुन्हा सुई टोचावी लागत नाही. फाईल मात्र रुग्णालयवार लावू नका. तारखेवार लावा, सगळ्यात जुना कागद खाली.